आवाज काढून टाकलेली फिल्म

जूनची नऊ तारीख. शाळा उघडायला आली की माझ्या दुकानात पांढरा आणि निळा एवढे दोनच रंग उरतात. सकाळपासून गणवेशाच्या शर्टांना काजं करत होते. फोन वाजला तेव्हा तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तो रझियाने उचलला. रझिया माझी भागीदार. दुकानातलं दुसरं मशीन तिचं. तिने ऐकून घेतलं आणि फोन माझ्याकडे देत म्हणाली, "अपनी हातवाली मॅडम गई, शोभा."

मी टाचण्या काढून फोन कानाला लावला. पलीकडे बाईंची एक जुनी विद्यार्थिनी होती, आता त्याच कॉलेजात शिकवणारी. बाई गेल्या आठवड्यात गेल्या होत्या. महिनाअखेर स्मरणसभा आहे, म्हणाली. बाईंच्या कपाटात कापसाच्या फिल्मची पहिली प्रत सापडली आहे, आवाजासकट, आणि ती सभेत दाखवायची आहे. "ताई, ही त्यांची सगळ्यांत मोठी फिल्म आहे, आणि आजवर कुणी पाहिलेलीच नाही."

पण तो आवाज पुसून टाकला असं बाईंनी आम्हाला सांगितलं होतं. मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत काही ठरवू नका." का, ते तिला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगते.

बाईंना आर्णीत हातवाली हे नाव पडलं त्याचं कारण त्यांचं पहिलं वाक्य. समोर बाई बसली की म्हणायच्या, "हात पदरातून बाहेर काढा." नमस्कार त्यानंतर. आपल्याकडच्या बाया परक्या माणसापुढे बोलायला बसल्या की हात पदरात गुंडाळून घेतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. बाईंना हात हवे असायचे. चेहऱ्याकडे त्या बघायच्याच नाहीत, कागदावर पेन्सिल चालवत खाली मान घालून ऐकायच्या. एकीने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "थे मॅडम आंधळी हाये काय वं?"

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या भागात टीव्हीवाल्यांच्या गाड्या फार यायच्या. ज्या घरात कर्जापायी कुणी जीव दिला त्या घराचा पत्ता चहाच्या टपरीवर मिळायचा. गाडी थांबायची, कॅमेरा उतरायचा, बाईला दारात उभं करायचे, मागे नवऱ्याचा फोटो. कुठे थांबायचं, कुठे डोळ्याला पदर लावायचा, हे त्या बायांनाही पाठ झालं होतं. बाई मात्र एसटीने आल्या, सोबत एक लाकडी पेटी घेऊन. पेटीत कॅमेरा होता, पण तो कुणाच्या तोंडासमोर धरायचा नव्हता. तो टेबलावर उलटा टांगायचा होता, खाली तोंड करून.

त्या मूळच्या नेरच्या. वडील शाळामास्तर. शिकायला बाहेर पडल्या त्या तिकडच्याच झाल्या. सुरुवातीला जाहिरातींची चित्रं काढायच्या. दोन पायांवर पळणारी गोळी, नाचणारी साबणाची वडी, असली. मग त्याचा कंटाळा आला म्हणून पुन्हा शिकल्या, शेतात राबणाऱ्या बायांवर जाडजूड पुस्तक लिहिलं, कॉलेजात स्त्रियांच्या प्रश्नांवर शिकवू लागल्या. चित्रं सुटली नाहीत. बायांच्या खऱ्या गोष्टी, बायांच्याच तोंडून, पण पडद्यावर माणसाच्या जागी हलणारी चित्रं, अशा फिल्म त्या करत. प्राध्यापक म्हणत, ही कार्टूनवाली. फिल्मवाले म्हणत, ही मास्तरीण. दोन्हीकडच्या जेवणावळीत आपलं पान कोपऱ्यात असतं, असं त्या सांगायच्या. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

माझ्या नवऱ्याने पहिल्या दिवशी विचारलं, "म्हणजे कार्टून?"

"हो."

"मेलेल्या माणसांचं कार्टून?"

"जिवंत बायांचं," बाई म्हणाल्या आणि चहाचा कप खाली ठेवून खोली बघायला वर गेल्या.

दुकानावरची ती खोली मी त्यांना दिली, आणि दुकानातल्या चिंध्या. त्यांच्या फिल्ममधल्या बाया या चिंध्यांच्या होत्या. ब्लाउजच्या तुकड्याचं अंग, अस्तराची साडी, आणि तोंडाच्या जागी नुसतं साधं कापड, नाक-डोळे काही नाहीत. हात मात्र असे कापायच्या की नखातली माती दिसावी. टेबलावर काच, काचेवर ही कापडी माणसं, वरून कॅमेरा. हात केसभर सरकवायचा, एक फोटो. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. दिवसभर कंबर मोडून काम केलं की पडद्यावर एका बाईने एक बोंड वेचलेलं असायचं. मी त्यांना म्हटलं, "यापेक्षा खरा कापूस लवकर वेचून होतो." त्या म्हणाल्या, "म्हणून तर. खऱ्याकडे कुणी थांबून बघत नाही."

त्यात भारनियमन. वीज असेल तेवढाच दिवस. दिव्याचा उजेड जरा कमी झाला की आधीच्या फोटोंशी जुळायचा नाही आणि सगळं पुन्हा. एकदा त्यांनी खरी रुई वापरायची ठरवली. रुईचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, कुणी शेजारी श्वास घेतला तरी हलते. पंखा बंद, दार बंद, आम्ही सगळ्या तोंडाला ओढण्या बांधून. आणि रझिया शिंकली. अर्ध्या दिवसाचं काम भिंतीला जाऊन चिकटलं.

"या अल्ला, माफ करो मॅडम," रझिया हात जोडून उभी.

बाईंनी ते फोटो पडद्यावर लावून पाहिले. कापडी बाई कापूस वेचते आहे आणि अचानक सगळं शेत उडून जातं. बाई म्हणाल्या, "राहू दे. असंच झालं होतं की." तो तुकडा फिल्ममध्ये तसाच आहे. शेवटच्या नावांमध्ये 'वारा: रझिया' असं लिहिलं. रझिया अजून ते गिऱ्हाइकांना सांगते.

बाई कायम दमलेल्या असत. वाकून वाकून पाठ धरली की दुकानात उतरायच्या आणि माझ्या कापायच्या टेबलावर सरळ उताण्या पडायच्या. गिऱ्हाईक आलं तरी उठायच्या नाहीत. मी त्यांच्याशेजारीच कापड पसरून कापायची. "दमलेल्या बाईने दमलेल्या बायांवर केलेली फिल्म," त्या छताकडे बघत म्हणायच्या. "बघणारे झोपले नाहीत म्हणजे मिळवली."

आता वच्छलाबद्दल. तिचं नाव वच्छला नाही, आणि गावही मी सांगणार नाही. आर्णीपासून बसने जावं लागतं एवढंच. लिहिण्याआधी तिला विचारलं आहे. "लिही," म्हणाली, "माही पोरगी पुस्तक कुठी वाचते? मोबाईल पाह्यते थे."

वच्छला माझ्याकडे साड्यांना फॉल लावायला यायची. तिचा नवरा त्या वर्षांमध्येच गेलेला. तिच्याही दारात गाड्या थांबून गेल्या होत्या. "फोटू काढू काढू भिंतीचा रंग गेला," असं तीच म्हणायची. लहान मुलगी पदरात घेऊन ती भासऱ्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाच्या, घरात राहत होती. शेत त्याच्या ताब्यात, घर त्याचं, आणि भावाबद्दल वावगा शब्द तो कुणाला काढू देत नसे.

बाईंना ती सापडली ती हातांमुळे. फॉल लावताना वच्छलाचे हात पदरात जाऊच शकत नव्हते. बाई शेजारी जमिनीवर बसायच्या, टेप चालू ठेवायच्या आणि तिचे हात काढत राहायच्या. वच्छला हातातल्या सुईशी बोलावं तशी बोलायची. गाडीवाल्यांना सांगितलेलं सगळं तिने पहिल्या हिवाळ्यातच सांगून संपवलं. बाई उठल्या नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा आल्या, पुन्हा शेजारी बसल्या. तेव्हा एका दुपारी ती म्हणाली,

"थे गेले त्या दिवशी मले झोप लागली. बाया रडून राह्यल्या होत्या अन् मी मधात पडून झोपली. लोक म्हने, धक्का बसला. धक्का कायचा? त्या दिवशी मार चुकला होता. लगनानंतर पयल्यांदा पोटभर झोपली मी."

माझं मशीन थांबलं. बाईंची पेन्सिल थांबली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि उठल्यावर?"

"उठल्यावर भूक लागली," वच्छला म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

बाईंनी इतकी वर्षं पुस्तकातून आणि वर्गात जे म्हटलं होतं, ते या बाईने फॉल लावता लावता सांगून टाकलं. त्या वाक्याभोवती फिल्म उभी राहिली. चार हिवाळे त्या आल्या. मधल्या काळात कॉलेजातून विचारणा व्हायची, एवढे दिवस कशाला लागतात. मोठ्या पदासाठी दुसरी माणसं पुढे गेली. बाई म्हणायच्या, "फिल्म झाली की बोलतील."

फिल्म झाली. परदेशातल्या एका मोठ्या महोत्सवात ती घेतलीही होती. पण बाईंचा एक नियम होता, ज्यांचं आहे त्यांना आधी. म्हणून एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, भिंतीवर पांढरं कापड लावलं आणि माझ्या शिवणवर्गाच्या आठ-दहा जणी बसल्या. वच्छला दाराशी बसली होती. तिला काही काळजी नव्हती. पडद्यावर तिचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, तोंडाच्या जागी कोरं कापड होतं. एवढ्यासाठी तर चिंध्यांचा सगळा खटाटोप.

पडद्यावर कापडी हात आले, सुई आली, आणि आवाज सुरू झाला. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत रझिया ओरडली, "अरे, ये तो अपनी वच्छला है!"

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

ही चूक आमच्यासारख्या चार हुशार बायांकडून कशी झाली, हे मला आजही कळत नाही. गावात बायांना चेहऱ्याने कोण ओळखतं? डोक्यावर पदर, खाली मान. पुरुष दारातून हाक मारतो, आतून उत्तर येतं, आणि कोण बोललं ते सगळ्या गल्लीला कळतं. भिंतीपलीकडून, शेतातल्या ओळीतून, विहिरीवरून, माणूस आवाजाने ओळखलं जातं. बाईंनी चार वर्षं चेहरा झाकण्यात घालवली आणि आवाज उघडा ठेवला. त्या चित्रं काढणाऱ्या; त्यांना वाटलं माणूस डोळ्यांना दिसतो तेवढाच. आणि मी रोज आवाजावरून गिऱ्हाईक ओळखणारी, मलाही सुचलं नाही.

बाईंनी फिल्म थांबवली नाही, कारण थांबवली असती तर आणखी संशय आला असता, असं त्यांनी नंतर सांगितलं. झोपेचं वाक्य आलं. फिल्म संपल्यावर एक म्हातारी उठली, वच्छलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला घालून निघून गेली. त्या दिवशी तिथे बसलेल्यांपैकी एकीनेही ती गोष्ट आजवर बाहेर काढलेली नाही. बायांच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वच्छला मागे थांबली. "गावात नोका दाखवू, ताई. भासऱ्यानं आयकलं त मले अन् पोरीले बाहीर काढन. कुठी जाऊ मी?"

"गावात नाही," बाई म्हणाल्या. "कुठेच नाही."

मी म्हटलं, "अहो, परदेशात कोण ओळखणार आहे?" त्या म्हणाल्या, "शोभाताई, फिल्म आज परदेशात असते, उद्या सीडीवर यवतमाळात. तिथून आर्णी किती लांब?"

मग आवाज बदलायची खटपट झाली. माझ्या आवाजात करून पाहिलं. रात्री जेवताना नवरा म्हणाला, "म्हणजे आता लोक म्हणतील शोभा मारखाऊ होती. आणि मी मेलो काय?" त्याचंही खरं होतं. कुणाचाही आवाज घातला की गोष्ट त्या बाईच्या गळ्यात पडणार. शहरातल्या नटीचा घालून पाहिला, तर आमची भाषा तिच्या तोंडात गरम बटाट्यासारखी फिरत होती. शेवटी बाईंनी आवाज काढूनच टाकला. सुईचा, मशीनचा, बसच्या हॉर्नचा, तेवढाच ठेवला. झोपेचं वाक्य अक्षरांतही ठेवलं नाही. फिल्मच्या शेवटी रझियाचं नाव होतं, आणि वच्छला दर आठवड्याला आमच्याकडे येते हे भासऱ्याला माहीत होतं.

महोत्सवाने मुकी फिल्म घेतली नाही. इकडे दोन-चार ठिकाणी दाखवली. पुढल्या हिवाळ्यात बाई आल्या तेव्हा भाकरी-ठेचा खाता खाता सांगत होत्या, "लोक म्हणाले, हात सुंदर आहेत. एक सद्गृहस्थ म्हणाले, पण चित्रातल्या बाईचं म्हणणं काय आहे ते पोचलं नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ठेचा तिखट आहे."

"आँ?"

"मी काही नाही म्हणाले हो. काय म्हणणार? घरी येऊन झोपले." थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, "मूळ आवाज पुसून टाकला. वच्छलाला सांगा."

मी सांगितलं. वच्छलाने मान हलवली. त्यानंतर बाईंनी मोठी फिल्म केली नाही. शिकवत राहिल्या. हिवाळ्यात येऊन वरच्या खोलीत राहायच्या, बायांशी बोलायच्या, कात्री धरायच्या आणि खाली ठेवायच्या. मग गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना, येणं थांबलं. फोनवर पहिला प्रश्न वच्छलाचा असायचा. भासरा वारल्याचं मी कळवलं, शेत वच्छलाच्या नावावर झाल्याचंही कळवलं. तेव्हा मला वाटलं होतं, आता फिल्मचं काही काढतील. त्या फक्त म्हणाल्या, "बरं झालं. पोरीचं लग्न कधी?"

तर त्या नऊ तारखेला कॉलेजातल्या मुलीचा फोन ठेवल्यावर मी दिवसभर शर्ट संपवले. रझियाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अब किसका डर? दिखाने दो. मॅडम का नाम तो होगा." मलाही तसंच वाटत होतं. बाईंना जिवंतपणी जे मिळालं नाही ते आता मिळावं, एवढी इच्छा होतीच. रागही होता. पुसला म्हणून सांगितलं आणि ठेवून दिला. मला वच्छलाशी खोटं बोलायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी तिच्या गावी गेले. ती अंगणात सरकीचं पोतं सोडत होती, गाईसाठी. बाई गेल्याचं सांगितलं तशी पोत्यावरच बसली. मग मी प्रत सापडल्याचं सांगितलं.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पुसली नसन म्हून. चार हिवाळे बसली थे माह्यापाशी. पुसन कोन?" तिच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं.

मी म्हटलं, "मग दाखवू दे त्यांना? आता भासरा नाही. घर तुझं, शेत तुझं."

"नाई."

"काहून वं?"

"भासऱ्याचं सोड. पोरीच्या घरी तिच्या बापाचा फोटू हाये. रोज हार घालते. बाप चांगला होता म्हून सांगितलं मीच तिले, एवढीशी होती तवापासून. तिच्यापाशी बाप तेवढाच हाये." तिने सरकी घमेल्यात ओतली. "माहा आवाज तिले नाई ओळखू येनार काय?"

तिने गाईपुढे घमेलं ठेवलं, चहा टाकला. मी निघाले तशी वेशीपर्यंत आली.

"पुसू नोका म्हना," ती म्हणाली. "अन् लावूबी नोका." मग, "तिचा आवाज असन न त्याच्यात? इचारतानाचा?"

"असेल."

"थो मले मोबाईलमधी टाकून मांग."

बसथांब्यावरूनच मी कॉलेजात फोन लावला. फिल्म दाखवायची नाही, पुसायचीही नाही, असं सांगितलं. ती मुलगी रडवेली झाली. तिचं काही चुकत नव्हतं. मग मी दुसरी मागणी सांगितली, मूळ टेपमधले बाईंचे नुसते प्रश्न काढून पाठवा.

"नुसते प्रश्न?" ती म्हणाली. "उत्तरांशिवाय त्यांचा काय उपयोग, ताई?"

मी म्हटलं, "जिला हवेत तिला उत्तरं माहीत आहेत."

ती म्हणाली, "देते काढून." आर्णीची बस आली. दुकानात अजून निळ्या पँटी शिवायच्या होत्या, मी चढले.